देऊळघाटच्या पाणपोईचे चार माठ

१

गुरुवारी सकाळी अकरा वाजून अडतीस मिनिटांनी देऊळघाटच्या अलीकडची पाणपोई मोडली, आणि त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत करिष्माचं ठरलेलं लग्नही मोडलं.

पहिल्या मोडतोडीची वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण कडुलिंबाच्या खोडाला टांगलेलं गोजरबाईंचं घड्याळ माठांसोबतच खाली पडलं आणि तिथेच थांबलं. चार माठ फुटले. साखळीला बांधलेले स्टीलचे सहा पेले चेपले. बाक उलटलं. गोजरबाईंच्या अंगावर मात्र पाण्याखेरीज काही उडालं नाही. एक पांढरी गाडी बुलढाण्याकडून आली, माठांत शिरली, मागे सरकली, वळली आणि आली तशी परत गेली.

दुसरी मोडतोड किसनरावांनी केली. किसनराव म्हणजे करिष्माचे वडील, देऊळघाटचे बारा एकरांचे शेतकरी. सहा वर्षांपूर्वी मोबाईलवर बोलत ट्रॅक्टर हाकणाऱ्या एकाने त्यांना रस्त्याच्या कडेला उडवलं होतं. तेव्हापासून त्यांच्या उजव्या पायात सळई आणि हातात काठी आहे. मुलीच्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा त्यांनी मुलाची शेती विचारली नाही, घर विचारलं नाही. एकच अट घातली: गाडी चालवताना मुलगा फोनवर बोलणारा नसावा. गोविंदाने ती हसत मान्य केली. तो स्वतःची पांढरी सातआसनी गाडी भाड्याने चालवायचा.

संध्याकाळी सहा वाजता बुलढाण्यात सुलभाबाईंचा फोन वाजला.

"सुलभाताई, रविवारचा साखरपुडा होत नाई," किसनराव म्हणाले. "तुमच्या गोविंदानं गोजरबाईची पानपोई उडवली. फोनवर बोलता बोलता."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"गोजरबाईनं डोयानं पाह्यलं. आन दुसरा पुरावा माया खिशात हाये. या, दाखवतो."

सुलभाबाई तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. करिष्मा कॉलेजची तीन वर्षं त्यांच्याच वरच्या खोलीत राहिली होती आणि गोविंदाचं स्थळही त्यांनीच सुचवलेलं. फोन ठेवताना त्यांना मागे करिष्माचं रडणं ऐकू आलं. ती तोंडात पदर कोंबून रडत होती. पण तेहतीस वर्षं इअरफोन लावलेल्या कानाला पदराआडचंही ऐकू येतं.

"उद्या सकाळी स्कूटर काढा," त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

चिंतामणराव कोर्टातून निवृत्त झालेले. त्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "आणि तुझा पक्षकार दोषी निघाला तर?"

"तर पाणपोई मी बांधून देईन. पण आधी बघू तर द्या."

२

गोजरबाईंनी उरलेल्या एका घागरीवर पाणपोई पुन्हा सुरू केली होती. रस्त्याच्या कडेला कडुलिंब, त्याला टेकून गोजरबाई, समोर घागर आणि घागरीपुढे रस्ता. बुलढाण्याहून येताना हे सगळं डाव्या हाताला लागायचं.

"कशी आली गाडी?" सुलभाबाईंनी विचारलं.

"आली कायची, सरकत आली बाई! बैलगाडी बरी. मले वाटलं पानी प्याले थांबून राह्यली. मी पेला भरला तं गाडी सरळ माठात!"

"चालवणारा दिसला?"

"दिसला ना बाप्पा. मायाकडच्या खिडकीत. कोपर बाहेर, डोक्यावर पांढरं कायतरी, टोपी म्हना नाई तं रुमाल. आन हातात मोबाईल, अस्सा."

गोजरबाईंनी पेला तोंडासमोर हातभर अंतरावर धरून दाखवला.

"कानाला नव्हता?"

"नाई वो. आरसा धरतेत तसा. तोंड तिकडं फिरवेल होतं. म्हनून वळखू नाई आलं."

"म्हणजे तो गोविंदा होता असं तुम्ही म्हणत नाही?"

"मी कायले म्हनू? मी म्हन्लं पांढरी गाडी. गोविंदा म्हन्लं किसनरावानं."

किसनराव काठीवर रेलून उभे होते. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत बोटभर रुंदीची लाल पट्टी होती.

"फुटक्या माठाले चिकटेल सापडली. गोविंदाच्या गाडीले दोन्ही बाजूनं अशीच लाल पट्टी हाये का नाई? जा, पाहून या. डाव्या अंगाची तुटेल हाये. मी कालच पाह्यली." त्यांनी पुडी परत खिशात घातली. "माया पायात लोखंड कायले हाये ते मले ठाऊक, सुलभाताई. पोरीले त्या घरात नाई देत मी."

चिंतामणरावांनी स्कूटर वळवली. वाटेत ते काही बोलले नाहीत. चिंतामणराव गप्प बसले म्हणजे प्रकरण कच्चं आहे, हे सुलभाबाईंना लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

३

गोविंदाच्या गाडीची डावीकडची पट्टी खरोखरच तुटलेली होती, आणि पुढच्या बंपरवर इतके ओरखडे होते की त्यातला नवा कोणता ते सांगता येत नव्हतं.

"होळीच्या आधी धुतानी निघाली, काकू," गोविंदा म्हणाला. "पन आता कोन मानते?"

"काल साडेअकराला कुठे होतास?"

"देऊळघाटात गिऱ्हाईक सोडलं आन रिकामी गाडी घेऊन परत निघालो. मंग फोन वाजला. गाडी बाजूले लावली, खाली उतरलो, बोललो."

"पाणपोईपासून किती लांब?"

"दोनक किलोमीटर."

"कोणाचा फोन होता?"

सव्वीस वर्षांचा तो आडवा गडी कानापर्यंत लाल झाला. दारातून त्याची आई जनकाबाई ओरडल्या, "सांग ना बे! आता लाजून काय भेटते?"

"करिष्माचा," गोविंदा म्हणाला आणि त्याने न मागता मोबाईल पुढे केला.

सुलभाबाईंनी पाहिलं. अकरा एकतीसला सुरू झालेला फोन, बावीस मिनिटं चाललेला. म्हणजे माठ फुटले त्या मिनिटाला गोविंदा फोनवर होता, पाणपोईच्या जवळ होता आणि त्याच्याकडे पांढरी गाडी होती.

चिंतामणरावांनी घसा साफ केला. "बाबा रे, हा पुरावा आपण आपल्या बाजूने देतोय की त्यांच्या?"

"खरं हाये ते देतो," गोविंदा म्हणाला.

दुपारी करिष्माचा फोन आला. "काकू, मी सांगते ना, तो उभा होता! गाडी सुरू असली तं तो फोनच उचलत नाई. मी किती येळा भांडली त्याच्यासंगं त्याच्यावरून. पन बाबा म्हणते, तू त्याचीच बाजू घेशीन."

"बाबांचं बरोबर आहे," सुलभाबाई म्हणाल्या. "तुझी साक्ष चालायची नाही."

"मंग कोनाची चालते?"

सुलभाबाईंनी फोन ठेवला आणि सहज म्हणून स्वतःच्या मोबाईलमधली कालची यादी उघडली. गुरुवार, सकाळी साडेअकरा. त्यांचा हात थांबला.

"अहो," त्या चिंतामणरावांना म्हणाल्या, "पाणपोई मोडताना मी ऐकली आहे."

४

गुरुवारी साडेअकराला किसनरावांनी साखरपुड्याच्या पंगतीचा बेत ठरवायला एकाच फोनवर पाच जण जोडले होते: देऊळघाटहून ते स्वतः, बुलढाण्यातून त्यांचा मुलगा राजकुमार, गोविंदाची आई जनकाबाई आणि सुलभाबाई, आणि वरवट बकालहून किसनरावांची थोरली बहीण अन्नपूर्णाबाई. वाद जिलेबी की गुलाबजाम असा होता. जनकाबाई जिलेबीच्या, राजकुमार गुलाबजामचा. अन्नपूर्णाबाई "तुम्ही ठरवान ते" एवढंच म्हणाल्या होत्या.

आणि मध्येच एक आवाज झाला होता.

सुलभाबाईंनी डोळे मिटले. आधी खळ्ळ, भरलेलं मडकं फुटावं तसं, एकापाठोपाठ. मग छन्न, स्टील साखळीवर आपटावं तसं. आणि त्यानंतर एका पुरुषाचा दबका आवाज: "अरे राम!"

"काय पडलं हो?" असं त्यांनीच विचारलं होतं.

"मजुराईनं टोपलं टाकलं वाटते," किसनराव म्हणाले होते.

"शेजारच्या दुकानाचं शटर," राजकुमार म्हणाला होता.

"मांजरीनं पातेलं पाडलं बाई," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या होत्या.

जनकाबाईंना काहीच ऐकू आलं नव्हतं, त्या जिलेबीबद्दल बोलत होत्या.

"एक आवाज आणि तीन कारणं," सुलभाबाई म्हणाल्या. "टोपलं खळ्ळ वाजत नाही. शटर छन्न वाजत नाही. पातेलं अरे राम म्हणत नाही."

"म्हणजे?"

"गोविंदा त्या फोनवर नव्हता. आणि माठ त्या फोनवर फुटले. गाडी चालवणारा आम्हा पाच जणांतलाच कोणीतरी आहे."

चिंतामणरावांनी पेपराची घडी घातली. "पाचांत तूही आलीस."

"मी घरी होते. तुम्ही साक्षीदार आहात."

"मी तेव्हा झोपलो होतो," चिंतामणराव म्हणाले.

५

राजकुमारचं बुलढाण्यात खत-बियाण्याचं दुकान होतं, दुकानासमोर पांढरी गाडी होती आणि मोबाईल तर त्याच्या हातातून जेवतानाही सुटत नसे. सुलभाबाई समोर बसताच त्याने तो उलटा करून ठेवला.

"शटर कोणाचं पडलं होतं रे काल?"

"शटर? हां. शेजारच्याचं."

"तुझ्या एका बाजूला बोळ आहे, दुसऱ्या बाजूला लोखंडी जाळीचं गोडाऊन. शटर कुठलं?"

राजकुमार घामाघूम झाला. त्याने कान खाजवला आणि सुलभाबाईंना कानाच्या पाळीमागे काळा डाग दिसला. मग त्यांनी त्याच्या केसांकडे नीट पाहिलं. गेल्या आठवड्यात कानशिलांवर करडी झालेली लट आज डांबरासारखी काळी होती.

"सलूनमध्ये होतास?"

"काकू, बाबाले सांगू नका," राजकुमार हळूच म्हणाला. "त्याईच्या मतानं केस रंगवते तो मानूस कामाचा नाई. डोक्याले रंग फासून बसलो होतो, कानाले फोन लावता येत नवता, म्हनून स्पीकरवर टाकला. सगळ्या सलूननं आइकलं. गुलाबजामले सात मतं पडली."

न्हाव्याने दुजोरा दिला. शिवाय जिलेबीवाले दोघे मूर्ख होते असं स्वतःहून सांगितलं.

किसनरावांच्या अंगणात गुरुवारी पाच बायका तूर निवडत होत्या. त्यांच्यादेखत ते बाजेवर बसून बोलले होते. जनकाबाईंकडे गाडीच नव्हती, आणि नळाच्या रांगेत त्या बोलत असताना निम्मी गल्ली हजर होती. राहिल्या अन्नपूर्णाबाई. त्या वरवट बकालला, म्हणजे गाडीने दोन-अडीच तासांवर. वय अठ्ठावन्न. नवरा वामनराव निवृत्त मास्तर, आता शेती बघतात. दारात गाडी होती, ती वामनराव चालवत. अन्नपूर्णाबाईंनी उभ्या आयुष्यात सायकलही चालवल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

सुलभाबाईंनी तरी त्यांना फोन लावला.

"अन्नपूर्णाताई, मांजर कशी आहे?"

"कोनती मांजर?"

"पातेलं पाडणारी."

"हां, ती! ती... बरी हाये."

"आणि वामनराव? काल तुम्ही बोलत होता तेव्हा कुठे होते ते?"

"वावरात. पहाटपासून. काऊन?"

"काही नाही. तुम्हाला कळलं का? साखरपुडा मोडला. गोविंदाने पाणपोई उडवली म्हणून."

अन्नपूर्णाबाईंचा आवाज एकदम घोगरा झाला.

"आम्ही उद्या येतो देऊळघाटले. यष्टीनं."

फोन बंद झाला. साखरपुडा मोडल्याचं कळलं की पाहुणे यायचे थांबतात. या निघाल्या होत्या. आणि दारात गाडी असताना एसटीने.

पण गाडी चालवता न येणारी बाई दोन तासांवरच्या रस्त्यावर माठ कशी फोडेल?

६

शनिवारी सकाळी सुलभाबाईंनी गोविंदाला गाडी काढायला सांगितलं.

"बुलढाण्याहून देऊळघाट. पाणपोईपाशी आलास की थांबव."

"काकू, सुलतानपूरचं भाडं हाये मले दहाले."

"दहाच्या आत सोडते तुला."

चिंतामणराव मागे बसले. सुलभाबाई पुढे, गोविंदाच्या शेजारी. वाटेत करिष्माचा लांबलचक मेसेज आला. उन्हामुळे अक्षरं दिसेनात, म्हणून त्यांनी खिडकीत कोपर टेकवून मोबाईल तोंडासमोर उंच धरला आणि उजवीकडे मान वळवून गोविंदाला विचारलं, "हे काय लिहिलंय रे तिने?"

"गाडी चालू हाये, काकू. थांबलो का वाचतो."

गाडी कडुलिंबाजवळ आली. गोजरबाई ताडकन उठल्या.

"हाच! हाच तो!" त्या ओरडल्या. "अस्साच बसेल होता ड्रायव्हर! हेच कोपर, असाच मोबाईल!"

त्यांचं बोट सुलभाबाईंकडे रोखलेलं होतं.

सुलभाबाईंनी हळूच काच आणखी खाली केली. "आजी, ड्रायव्हर तिकडे आहे."

गोजरबाईंनी वाकून पाहिलं. पलीकडे स्टिअरिंग धरून गोविंदा बसला होता. त्यांनी तोंडाचा आ वासला.

"आता मले काय ठाऊक बाई! मी यष्टीत मांगं बसते, नाई तं बैलगाडीत. बैलगाडीत तं जो दिसते तोच हाकते."

मागच्या सीटवर चिंतामणराव मोठ्याने हसले आणि हसता हसता थांबले. "सुलभा, गोविंदा त्या दिवशी एकटा होता."

"हो. आणि त्या गाडीत दोघं होती. एक चालवत होतं आणि एक फोन धरत होतं." त्या खाली उतरल्या. "गोविंदा, जा तू सुलतानपूरला. तुझं काम झालं."

"झालं? म्हणजे साखरपुडा..."

"आधी भाडं कर. आणि हळू जा."

त्या चालत किसनरावांकडे गेल्या आणि पुडी मागितली. किसनरावांनी कुरकुरत दिली. सुलभाबाईंनी लाल पट्टी तळहातावर ठेवली आणि पहिल्यांदाच नीट पाहिली. गोविंदाच्या गाडीची पट्टी सरळ होती, गुळगुळीत होती. ही कात्रीने कापलेली होती आणि एका टोकाला काटकोनात वळली होती. मागे पांढरा कागद चिकटलेला होता. त्यावर दुरेघी वहीच्या निळ्या रेघा होत्या.

सुलभाबाईंनी कागद पुन्हा दुमडला. त्याच वेळी अंगणाच्या फाटकाची कडी वाजली. अन्नपूर्णाबाई आणि वामनराव आले होते.

७

चहा झाला, पण कोणी चवीने प्याला नाही. किसनराव बाजेवर, राजकुमार उंबऱ्यात टोपी घालून, करिष्मा खांबाला टेकून. वामनराव डोक्यावरची पांढरी टोपी पुन्हा पुन्हा सारखी करत होते.

"किसनराव, गोविंदा सुटला," सुलभाबाई म्हणाल्या. "गोजरबाईंनी ज्याला पाहिलं तो डाव्या खिडकीत होता. बुलढाण्याहून येणाऱ्या गाडीची डावी खिडकी पाणपोईकडे येते, आणि तिथे ड्रायव्हर नसतो, शेजारी बसणारा असतो. गोविंदा एकटा होता. शिवाय माठ फुटल्याचा आवाज आपल्या फोनवर आला, आणि गोविंदा त्या फोनवर नव्हता. हे तुमच्याही कानाने ऐकलंय."

किसनरावांनी भुवया आक्रसल्या. "मंग कोन?"

"गाडी बैलगाडीपेक्षा हळू आली. माठाला चिकटलेली ही पट्टी बघा. काटकोनात कापलेली, पांढऱ्या कागदावर. गाडी शिकणारा माणूस काचेवर, बंपरवर लाल एल चिकटवतो ना? हा त्याचा खालचा पाय. बाजारात एल तयार मिळतो. पण कोणीतरी तो घरी कापला, दुरेघी वहीच्या पानावर चिकटवला. दुरेघी वही कोणाच्या घरात पडून असते?"

सगळ्यांच्या माना वामनरावांकडे वळल्या. वामनरावांची टोपी आता सारखी होण्यापलीकडे गेली होती.

"आतोबा तं वावरात होते!" राजकुमार म्हणाला.

"वावरात होते तर अन्नपूर्णाताईंच्या फोनवर अरे राम कोण म्हणालं? मांजर?"

किसनराव हसायच्या बेतात होते, पण थांबले. "पन भाऊजी डावीकडे असतीन तं चालवत कोन होतं?"

सुलभाबाईंनी अन्नपूर्णाबाईंकडे पाहिलं. थोरल्या बहिणीने पदराने तोंड पुसलं आणि पिशवीतून एक कागद काढून धाकट्या भावाच्या मांडीवर ठेवला.

"मी," त्या म्हणाल्या. "मी चालवत होती, किसन. तीन महिने शिकली. बुलढान्याच्या आरटीओत गुरुवारी सकाळी ट्रायल होती. पहिल्याच झटक्यात पास झाली, हा पाह्य कागद. साहेब म्हन्ले, आजीबाई, तुमच्यासारखं रिव्हर्स पोट्ट्याईले नाई जमत. मले वाटलं, आता गाडी घेऊन सरळ भावाच्या दारात जावं. तू अंगनात बसेल असशीन, आन मी हॉर्न वाजवीन." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "वाटेत तुहा फोन आला. न उचलला तं तू ईचारशीन कुठं हाये म्हनून उचलला. तू जिलेबीचं ईचारलं, म्या उत्तर द्याले मान वळवली, आन..."

"मी सांगितलं होतं उचलू नको," वामनराव म्हणाले. "नंतर म्हटलं, उचलायचाच आहे तर नियमाने उचल. चालकाने हातात फोन धरू नये, असं आहे. म्हणून मी धरला."



"मास्तर," चिंतामणराव गंभीरपणे म्हणाले, "हात तुमचा होता. लक्ष कोणाचं गेलं?"

वामनरावांनी मान खाली घातली. "ते मला त्याच दिवशी कळलं. माठ फुटताना."

"पळालो कायले ते सांगते," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "गोजरबाई उभी दिसली, धडधाकट दिसली. आन डोयासमोर तुहा पाय आला, किसन. तुह्या गावाच्या तोंडाशी, तुह्याच बहिनीनं! मले हिंमतच झाली नाई. गाडी बुलढान्यात दुरुस्तीले टाकली आन यष्टीनं घरी गेलो. काल सुलभाताईनं सांगतलं का बालंट त्या पोरावर आलं, तवा रातभर डोयाले डोया नाई लागला. सांगाले आली. सकाळपासून तोंड उघडून राह्यली, शब्दच निघत नवता."

किसनराव उठले. काठी टेकत बहिणीसमोर आले. 

"तू गाडी चालवतं?" ते म्हणाले.

"हाव."

"घाटातूनही आली?"

"हाव. सगळा घाट."

किसनरावांच्या मिशा थरथरल्या. राग होता, आणि रागाखालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, ते त्यांना दाबता येईना. "अक्का, तुले नव्या माठाईसंगं त्या निंबाखाली बसा लागते. पाऊस पडेपर्यंत. येईल त्याले पानी पाजायचं आन कायले बसली ते सांगायचं. भाऊजीही बसतीन."

"बसीन," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"आन मंग मले गाडीत बसवून शेगावले नेजो. फोन घरी ठेवून."

अन्नपूर्णाबाई रडता रडता हसल्या. राजकुमारने आनंदाने टोपी काढून हलवली, वडिलांची नजर त्याच्या डोक्यावर गेली, आणि त्याने टोपी पुन्हा घातली.

"ते मंग पाहू," किसनराव म्हणाले. त्यांनी खिशातून मोबाईल काढला. "आधी त्या पोराची माफी मागतो."

त्यांनी गोविंदाला फोन लावला. घंटी वाजत राहिली. उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. तिसऱ्यांदा लावला, चौथ्यांदा लावला. किसनराव बाजेवर टेकले. एवढा वेळ ताठ असलेली त्यांची मान पहिल्यांदा खाली गेली.

"रागावला पोरगा," ते म्हणाले. "रागवाच पायजे. चार लोकाईत मी त्याले काय काय म्हन्लं."

"बाबा," करिष्मा म्हणाली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "तो सुलतानपूरले चालला. गाडी चालवून राह्यला तो."

किसनरावांनी मुलीकडे पाहिलं. मग हातातल्या मोबाईलकडे. पाचव्यांदा त्यांनी लावला नाही.

चाळीस मिनिटं ते तसेच बसून राहिले. जेवायला उठले नाहीत. कोणी मोठ्याने बोललं की हाताने गप्प करायचे. शेवटी फोन वाजला तेव्हा पहिल्या घंटीला त्यांनी उचलला.

"मामा, फोन केल्ता काय?" गोविंदाचा आवाज आला. "गाडी चालू होती. आता उभी केली. बोला."

किसनराव बाजेवरून उठून उभे राहिले. "गोविंदा, मी चुकलो बाप्पा. तुह्यावर खोटा आळ घेतला. साखरपुडा उद्या होते. तुले मंजूर असंन तं."

मग गोविंदा हळूच म्हणाला, "मंजूर हाये, मामा. करिष्माले सांगू काय?"

"सांग. ती इथीच उभी हाये."

त्यांनी मोबाईल मुलीच्या हातात दिला. मग काठी उचलली, अंगणातल्या एकेकाकडे पाहिलं आणि सगळ्यांना फाटकाकडे हाकलायला लागले.

"चला वो, चला बाहेर! अक्का, तूही. पोराची गाडी उभी हाये. बोलू द्या त्याईले निवांत."